फिट झालं आणि फिट बसलं

आधीच सांगतो, मी बंदुका बनवत नाही. बनवल्या नाहीत, दुरुस्त केल्या नाहीत, कुणाच्या घरी भिंतीला दिसली तरी हात लावला नाही. गावचा दिवाळी अंक काढणाऱ्या गुरुजींनी गावभर सांगून ठेवलंय की यंदा बबनराव बंदुकीवर लिहिणार. तेव्हापासून दूधवालासुद्धा जरा लांबूनच दूध ओततो.

मी लेथवाला. नारायणगावात जुन्या रस्त्याला माझं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर आणि मधी एक दार. शिकलो सातवीपर्यंत. लिहिण्यात चुकेल ते गुरुजींनी सरळ करावं, पण माझं बोलणं धुऊन काढू नये.

लेथवर लोखंड फिरतं आणि हत्यार एका जागी उभं राहतं. कुंभाराच्या चाकासारखंच म्हणा, फक्त इथं माती वर चढते तसं काही चढत नाही. इथं उतरतंच. एकदा उतरलं की परत चिकटवता येत नाही. म्हणून आमचं सगळं चित्त मापात. इंचाचे हजार भाग केले तर एका भागाला आम्ही थाऊ म्हणतो. डोक्याचा केस तीन-चार थाऊ भरतो. लोक म्हणतात, केसाएवढं तर चुकलं. त्यांना काय सांगायचं, केस म्हणजे आमच्याकडं चार ठिकाणी चुकलं.

आयुष्य गेलं ते पाण्याच्या मोटारीचे बुश, द्राक्षवाल्यांच्या फवारणीच्या ब्लोअरचे शाफ्ट आणि रसाच्या चरकाचे रूळ यांच्यात. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात माझी मंडळी आहे. चांगुणा. ती ह्या चैत्रात गेली.

तिचं माहेर मेंढरांचं. बाप निमगाव सावाचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मढवरून घाट उतरून कोकणात जायचा, पावसाच्या तोंडाला परत. लग्नानंतर पहिल्या वर्षीच तिनं माझी जिरवली. मी एक पितळी बुश, म्हणजे शाफ्टावर बसते ती आखूड नळी, करून फडक्यावर ठेवलेला. हिनं तो उचलला, आत बोट फिरवलं आणि बामच्या रिकाम्या डबीतून माहेरच्या लोकरीचा पुंजका काढून बुशातून ओढला. लोकर अडकली.

"ह्यात कायतरी ऱ्हायलंय," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं," मी म्हणालो.

"मला न्हाई कळत. लोकरीला कळतं."

मी ऐकलं नाही, बुश दिला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत. बुशाच्या आतल्या कडेला धार राहिली होती, तिनं मोटारीचं रबरी सील फाडलं होतं. हत्याराची अशी बारीक धार राहते तिला आम्ही बर म्हणतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कधी लागते, कधी नाही. लोकरीला लागतेच. त्या दिवसापासून माझ्या दुकानातून लोकर फिरवल्याशिवाय नग बाहेर गेला नाही. तिचा भाऊ दरवर्षी धुतलेली मूठभर लोकर आणून द्यायचा. बाकीचे लेथवाले हसायचे, म्हणायचे बबन्याकडं मेंढरू कामाला आहे. ती आतून म्हणायची, "मेंढरू हाय म्हून तर काम परत येत न्हाई."

अजून एक सांगतो. एकदा एक अनोळखी माणूस जाड नळी घेऊन आला. म्हणाला आत एवढं भोक पाडून गुळगुळीत करून द्या, मोटारीचा बुश आहे. भोकाचं माप ऐकून मी हातातलं काम थांबवलं. बंदूक बनवायचीय ते कळलं, पण तोंडानं बोलायचं कसं? चांगुणा चहा घेऊन आली. म्हणाली, "पावणं, मोटार कुठल्या कंपनीची? किती एचपीची? हीर किती खोल हाय?" तो गडी दाराकडं बघायला लागला. "चहा घ्या न् वाटंला लागा," ती म्हणाली. त्यानं चहा घेतला आणि वाटेला लागला. नळी विसरून गेला. ती मी उभी चिरून भंगारात टाकली.

आता सुभेदारांकडं येतो.

सुभेदार पेठ गावचे. फौजेतून येऊन तीस वर्षं झाली, पाठ अजून ताठ. वडिलांची जुनी रायफल वारसानं त्यांच्या परवान्यावर आलेली. पुण्याच्या एका नेमबाजीच्या क्लबाचे ते सभासद. संक्रांतीनंतर एक दिवस एसटीनं आले, पिशवीतून आधी कागद काढले. परवाना, क्लबाचं पत्र, शिक्के. कागद बघितल्याशिवाय ह्या कामाला मी हात लावत नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. कागदांनंतर पोलादाचे दोन डाय काढले, काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणि घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या. रायफल आणली नव्हती. बरं केलं.

त्या रायफलीचं काडतूस आता कुठं बनत नाही. म्हणून उडवलेली पुंगळी टाकायची नाही, तीच परत वापरायची. उडाली की पुंगळी फुगते. तिला परत मापात आणायचं साधन म्हणजे डाय. घरातल्या सोऱ्याची चकती असते ना, जशी चकती तशी शेव, तसंच. पहिला डाय पुंगळीला बाहेरून आवळतो, आणि त्याच्या मधली सळई आतून तिचं तोंड ठराविक मापाला उघडते. दुसरा डाय त्या तोंडात गोळी बसवतो. कारखान्याच्या गोळीला तांब्याचं कवच असतं, ती कडक. हे डाय तिच्या मापाचे. सुभेदारांची गोळी नुसत्या शिशाची, मऊ, आणि जुन्या झिजलेल्या नळीला धरून राहावी म्हणून दोन-तीन थाऊ जाडी.

"आमच्या गोळीला डाय फिट करून द्या, बबनराव," सुभेदार म्हणाले. "गोळी फिट पायजे. पाडव्यानंतर क्लबात जुन्या रायफलींची मॅच हाय."

"पुढच्या वर्षी न्हाई का?" काम हातात लई होतं म्हणून मी विचारलं.

त्यांनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "काचबिंदू. ऑपरेशन झालं, पर गेलेली नजर येत न्हाई म्हनत्यात. रायफलीच्या टोकावर माशी असती, तिच्यावरनं नेम धरायचा. डॉक्टर म्हनला, अवंदा दिसंल. फुडल्या वर्साचं सांगत न्हाई. बापाची रायफल हाय. मी एकदाबी मॅचला नेली न्हाई तिला."

घेतलं काम.

आता माझी चूक. चाळीस वर्षं मी 'फिट' हा शब्द एकाच अर्थानं ऐकला. बेरिंग फिट बसव म्हणजे हातोडीनं ठोकून बसव, परत निघता कामा नये. फिट म्हणजे आवळ. मी तसंच केलं. मधली सळई होती त्याहून बारीक केली, दुसऱ्या डायचं तोंड आवळून घेतलं. गोळी पुंगळीत अशी बसली की पकडीनं ओढली तरी हलेना. लोकर फिरवली, कुठं अडकली नाही. मनात म्हणालो, वा.

पंधरा दिवसांनी सुभेदार परत आले. बसले नाहीत. पिशवीतून मॅचचा असतो तसला गोल गोल रेघांचा कागद काढून लेथवर पसरला.

"बबनराव, ह्यो कागुद बघा."

मला काय कळणार. दहा भोकं, दहा दिशांना. आणि भोकं गोल नाहीत, कुलपाच्या भोकासारखी लांबडी.

"गोळ्या आडव्या पडल्यात," सुभेदार म्हणाले. "नळीत धरतच न्हाईत. आन् ह्ये बघा काय." त्यांनी पुडी सोडली. आत शिशाच्या बारीक बांगड्या. नखाएवढ्या.

"तुमीच म्हनला व्हता, फिट करा," मी म्हणालो.

"फिट म्हनलो. आवळा न्हाई म्हनलो."

"फिट म्हंजी आवळच की, राव. चाळीस वर्षं हितं बेरिंग बशिवतोय मी."

"चाळीस वर्षं तुमी बेरिंगच बशिवलं. माजी गोळी बेरिंग न्हाई."

आवाज चढले. मला राग आला तो त्यांचा नाही, त्या बांगड्यांचा. त्या बघून कळलं होतं काय झालंय ते, पण कबूल कोण करणार?

चांगुणा तेव्हा आतल्या खोलीत खाटेवर असायची. हृदय कमजोर झालेलं. दम लागायचा, पाय सुजायचे. मधलं दार उघडं ठेवायचो, म्हणजे तिला दुकान दिसावं. ती तिथून बोलली, "सुभेदार, ती बांगडी इकडं आना बरं."

सुभेदार चपला काढून आत गेले. तिनं शिशाची बांगडी बोटावर घेतली, नखानं दाबली. वाकली.

"मऊ हाय की वो ही. आवं, तुमी तोंड आवळलं, गोळी घुसताना सोलून निघाली. सालटं भाईर ऱ्हायलं न् बारीक व्हऊन आत गेली. मंग ती नळीत काय धरनार?"

"मग फिट म्हंजी काय?" मी दारातून म्हणालो.

तिनं पांघरूण पायावरून बाजूला केलं. पाय भाकरीच्या गोळ्यासारखे सुजलेले. बोटातली जोडवी मांसात रुतलेली, वरून नुसती चांदीची रेघ दिसत होती.

"ह्ये बघा. ह्ये फिट झालं. लगनात घातली तवा फिट बसली व्हती. चालताना पायात काय हाय, ह्याचं ध्यानबी न्हवतं ऱ्हात. फिट झालं न् फिट बसलं, ह्यात तुमाला फरक कळंना व्हय इतक्या वर्सात?"

सुभेदार हसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, म्या ह्येच सांगत व्हतो, पर मला सांगता येईना."

मी सळई नवी करायला घेतली. मोडक्या पुलीच्या शाफ्टचं पोलाद घेतलं. ह्या खेपेला गोळी मापली, पुंगळीचं पितळ मापलं, सुभेदारांना विचारलं नळीचं माप काय. हे आधीच विचारायचं होतं. मी कधी विचारत नसायचो, करून मोकळा व्हायचो. सळई जाड हवी, पण गोळी आत पडेल इतकी नाही. टोकाशी जरा फाकलेली, म्हणजे पुंगळीचं तोंड किंचित उमलेल आणि मऊ गोळी न सोलता आत उतरेल. मग दुसऱ्या डायनं ते उमललेलं तोंड फक्त सरळ करायचं, आवळायचं नाही. सांगायला चार ओळी, करायला तीन सळया लागल्या. पहिली एक थाऊ जास्त उतरली. दुसरीवर पॉलिश करताना रेघ आली. उतरलेलं चढत नाही, सांगितलंच.

दुसरी सळई चालू असताना चांगुणा म्हणाली, "ही झाली की अशीच एक सळई माज्या जोडव्यांसाठी करा. कायमची काढायची न्हाईत मला. जरा सैल करायचीत. बोट ठनकतंय."

"सुभेदाराचं होऊ दे," मी म्हणालो.

"होऊ द्या."

दोन दिवसांनी परत म्हणाली. मी लेथ चालू असताना ऐकू आलं नाही असं दाखवलं. खरं सांगतो, ऐकू आलं होतं. मला त्या पायांकडं बघायचं नव्हतं. सळईकडं बघितलं की तिचं माप कळायचं, काय करायचं ते कळायचं. पायांकडं बघून काही कळत नव्हतं. म्हणून मी सळईकडं बघत राहिलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही.

तिसरी सळई जमली. चांगुणानं खाटेवर बसून आपल्या हातानं डायमधून लोकर ओढली. दम लागून मधी थांबली, परत ओढली. स्वच्छ निघाली. "द्या सुभेदाराला," म्हणाली. सुभेदार न्यायला आले त्याच दुपारी तिला धाप आवरेना. त्यांनीच रस्त्यावर उभं राहून गाडी थांबवली. मंचरच्या दवाखान्यात नेलं.

तिथं नर्सनं पाय बघितले. "आजोबा, जोडवी कापावी लागतील. बोट काळं पडायला लागलंय."

मी चांगुणाकडं बघितलं. सवाष्णीच्या पायातली जोडवी. मला वाटलं नाही म्हणेल.

"कापा," ती म्हणाली. "पर टाकू नगा."

नर्सनं छोटी कात्री आणली. चार कट. दोन मिनिटं लागली नसतील. जोडवी कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली. चांगुणानं बोटं हलवून बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"बघा की," म्हणाली. "तुमच्यापेक्षा लवकर झालं."

थट्टेनंच म्हणाली. तिच्या बोलण्याचा तोच सूर होता आयुष्यभर. पण मी तेव्हापासून नीट जेवलेलो नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

सुभेदार दहाव्याला आले. नदीवर सगळे बसलेले, ते माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मॅच परवा हाय. म्या न्हाई जायचं ठरवलंय. बरं दिसत न्हाई."

मी तोंडाळ आहे, सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, "तुमच्या डायपायी माजं एक काम वेळंवर व्हायचं ऱ्हायलं. ती वेळ आता यायची न्हाई. तुमीबी नाय गेला तर दोन्ही वाया. डोळा थांबतोय व्हय तुमच्यासाठी?"

बाजूचे लोक बघायला लागले. सुभेदार उठले, टोपी नीट केली आणि गेले.

आठवड्यानं कागद घेऊन आले. लेथवर पसरला नाही, हातात दिला. दहा भोकं. दोन जरा लांब, आठ जवळजवळ. आणि सगळी गोल. कंपासानं काढल्यासारखी. नंबर आला का विचारलं तर म्हणाले, "नंबराचं काय, चवथा. पर बापाची रायफल बोलली, बबनराव." मग मधल्या दाराकडं बघत राहिले. "वहिनींना दाखवायचा व्हता," म्हणाले. मी म्हणालो, ठेवून जा. तो कागद तिच्या खाटेवरच्या खिळ्याला लावलाय. सुभेदारांना आता माशी धूसर दिसते. रायफलीचे डाय तेल लावून कपाटात ठेवलेत म्हणतात. पुढं कुणाला द्यायचे ते त्यांचं त्यांना माहीत.

दुकान चालू आहे, पण चालवायचं म्हणून. दुपारी झोप येते, सकाळी उठावंसं वाटत नाही. कुणी म्हणालं, बबनराव फिट करून द्या, तर मी आधी विचारतो, कुठलं फिट? लोक म्हणतात म्हातारा चिडका झालाय. नवीन गिऱ्हाईक दुसऱ्या लेथवाल्याकडं जातं. त्याच्याकडं संगणकाचं मशीन आहे, ते विचारत नाही. जाऊ द्या.

एक राहिलं. हे गुरुजींना सांगितलं नव्हतं, लिहितालिहिता आलं.

दवाखान्यात असताना एकदा अंघोळीला घरी आलो होतो. कापसातली जोडवी काढली. चांदी मऊ असते, पोलादाची सळई लावली तर ओरखडे पडतात, म्हणून पितळेची केली. टोकाशी फाकलेली, सुभेदारांच्या सळईसारखीच, फक्त जाड. चारही जोडवी तिच्यावर हळूहळू उघडली. कापलेली टोकं घासली, पॉलिश केली. मग बामच्या डबीतली लोकर काढली, शेवटची चिमूटभर होती, आणि एकेका टोकावरून ओढली. दोन ठिकाणी अडकली. परत घासली. परत ओढली.

दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाले, सूज आहे तोवर काही घालू नका. तिनं तळहातावर घेऊन बघितली. "आता कशी हाईत?"

"सैल."

"लई सैल?"

"न्हाई. बसतील."

"मंग घरी गेल्यावर घालू," म्हणाली. मी शर्टाच्या खिशात ठेवली. चार दिवस तिथंच होती.

घरी आणल्यावर बायकांनी तिला अंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, हळदीकुंकू लावलं. माझी बहीण म्हणाली, "दादा, पायात जोडवी न्हाईत हिच्या." ते काम बायकांचं असतं. मी म्हणालो, मी घालतो. बायका बाजूला सरकल्या.

सूज तशीच होती. मी खाली बसलो, पाय मांडीवर घेतला. रेटावी लागली नाहीत. चारही आपोआप गेली आणि जागेवर बसली. मग सवयीनं अंगठा फिरवून बघितला, कड लागते का.

लागत नव्हती.